बसक्या तुऱ्याचा कोंबडा

९ नोव्हेंबर

धाकट्या,

आशीर्वाद वगैरे नंतर. आधी कोंबड्याचं सांग.

आज दूधगाडी आली. मी फाटकाशी शाल गुंडाळून उभी होते, हातात रिकामी टोपली. ड्रायव्हरनं कॅन उतरवले, माझी औषधं दिली आणि गाडीत बसायला लागला. म्हटलं, "आणि कोंबडा?" तर म्हणतो, "तुमच्या भावानं कोंबडा नाही दिला बाई. नमस्कार सांगितलाय."

नमस्कार! नमस्काराला पिसं असतात का रे? तो माझ्या कोंबड्यांत सोडू?

दर तिसऱ्या वर्षी पानगळीत कोंबड्यांची अदलाबदल करायची, तुझ्याकडचा तरणा वर डोंगरावर आणि माझ्याकडचा खाली, हे बाबांनी लावून दिलेलं आहे, मी नाही. घरातल्या घरात रक्त फिरत राहिलं की पिल्लं रोडावतात, हे तुला नव्यानं सांगायला हवं का? माझ्याकडचा तरणा उन्हाळ्यात घारीनं उचलला, तेव्हा मी लगेच कळवलं होतं. म्हणजे यंदा फक्त तुझ्याकडून यायचा आहे. माझा म्हातारा आता फळीवर एका उडीत चढत नाही. आधी खाली बसून विचार करतो.

बर्फ पडायच्या आत नवा कोंबडा कळपात रुळला पाहिजे. नंतर आणलास तर कोंबड्या त्याला टोचून टोचून बेजार करतील.

आणि भुशाची पोती? दरवर्षी न मागता चार पोती येतात. तुझ्या कारखान्यात रंध्याखाली एवढा भुसा पडतो की चालताना पाय रुततात, आणि बहिणीच्या खुराड्यात अंथरायला मूठभर नाही?

फोन करू नकोस. इथे रेंज धड नाही, आणि माझं रागाचं बोलणं मधेच तुटलेलं मला आवडत नाही.

ताई


१७ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप ताईस साष्टांग नमस्कार. (हा ड्रायव्हरच्या तोंडी नाही, लेखी आहे. जपून ठेव.)

कामात बुडालोय. एका शाळेच्या सगळ्या खिडक्या करायच्या आहेत आणि हाताखालचा माणूस सोडून गेलाय. कोंबडा पाठवतो. पळून जात नाही.

भुसा यापुढे मिळणार नाही. तो आता दुसरीकडे जातो. तू पेंढा वापर.

एक विचारू? तुझं वय काय, तुझे गुडघे काय, आणि तू त्या डोंगरावर कोंबड्यांच्या पाण्यावरचा बर्फ फोडत बसतेस. कशासाठी? खाली लोक पाळतात त्या कोंबड्या रोज अंडं देतात. आपल्या बाईसाहेब मनात आलं तर देतात. लहानपणी त्यांच्या पायाची पिसं बघून आपण त्यांना 'मोजेवाल्या' म्हणायचो, तेव्हा गंमत होती. आता तू आणि मी सोडून ही जात कुणाच्या अंगणात नाही. कुणी ठेवत नाही, त्याला काही कारण असेल की नाही?

ठेवायच्याच असतील तर खुराड्यात एक दिवा लाव. ऊब राहील, अंडीही वाढतील. आणि छपराखालच्या फटी बुजव. मी खिडक्या करतो, मला कळतं वारा कुठून येतो ते.

तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. ही आता बरी आहे. चालते-फिरते.

तुझा धाकटा


२ डिसेंबर

धाकट्या,

म्हातारा गेला.

परवा दुपारी. उजेड होता, मी दहा पावलांवर लाकडं रचत होते. आठवडाभर वारा एकाच बाजूनं होता, त्यानं बर्फ लोटून कुंपणाच्या जाळीला लावला. मी रोज खोऱ्यानं तो ओढते. त्या दिवशी गुडघा दुखत होता, म्हटलं संध्याकाळी ओढू. कोल्हा त्या बर्फावरून चालत चालत, जिना चढल्यासारखा, जाळीवरून आत उतरला. जमीन गोठलेली असल्यानं त्याला खालून उकरता येत नाही, म्हणून मी निर्धास्त होते. मूर्ख मी.

म्हाताऱ्यानं एकच हाक दिली. कोंबड्या खुराड्याखाली शिरल्या. तो मात्र हलला नाही. फळीवर चढायला ज्याला विचार करावा लागायचा, तो पंख पसरून कोल्ह्यासमोर उभा राहिला. मी खोरं घेऊन धावेपर्यंत कोल्हा त्याला घेऊन जाळीपलीकडे गेला होता. जाताना त्या मेल्यानं मागे वळून माझ्याकडे बघितलं. शेजाऱ्यानं बघावं तसं.

चार कोंबड्या राहिल्यात. कोंबडा नाही. आता तरी तुला घाई कळते का? तुझ्याकडे तीन कोंबडे आहेत, मागच्या हिवाळ्यात तूच लिहिलं होतंस. त्यातला एक पाठव. शाळेच्या खिडक्या थांबतील.

दिवा मी लावणार नाही. दिव्याच्या उबेला सवकलेला पक्षी दाट पिसं धरत नाही, आणि इथली वीज दर वादळात जाते. मग एका रात्रीत सगळ्या फळीवरच गोठतील. फटींचं म्हणशील, तर बाबांनी त्या मोजूनमापून ठेवल्यात. कोंबड्यांच्या श्वासाची वाफ बाहेर गेली नाही तर तुऱ्यावर बसते आणि तुरा गोठतो. आपल्यांचा तुरा डोक्याला चिकटून बसका असतो, म्हणून तग धरतो. खिडक्या माणसांसाठी कर. कोंबड्यांत नाक खुपसू नकोस.

सोबत टोपली देते आहे. गेल्या आठ-दहा दिवसांतली अंडी आहेत, लोकरीत गुंडाळलेली. आता थंडी वाढली की घालायच्या थांबतील. रवणीला, म्हणजे उबवायला, ठेवण्यात अर्थ नाही, या दिवसांत एकही कोंबडी खुडूक बसत नाही. उन्हाळ्यात तुझ्या कोंबड्याची पिल्लं काढीन. तेव्हा ही अंडी तुझ्या बायकोसाठी. आजारातून उठलेल्या माणसाला बरी. तू एकालाही हात लावायचा नाहीस.

ताई


५ डिसेंबर

ताई,

कोंबडा पाठवलाय. पिंजऱ्यावर पोतं टाकलंय, ड्रायव्हरला सांगितलंय की वाऱ्याला ठेवू नकोस.

रंग जरा उजळ वाटेल. खाली ऊन जास्त असतं. पायाची पिसं ओलीनं झडलीत, येतील परत. नवखा आहे, चार दिवस ओरडेल.

म्हाताऱ्याचं वाचून वाईट वाटलं. खरंच वाटलं.

धाकटा


८ डिसेंबर

ऊन जास्त असतं म्हणून उजळ?

अरे, मी चाळीस वर्षं इस्पितळात नर्स होते. नवऱ्याचा मार खाल्लेल्या बायका मला सांगायच्या की जिन्यावरून पडले. त्याही तुझ्यापेक्षा बरं खोटं बोलायच्या.

हा आपला कोंबडा नाही. याचे पाय काठीसारखे उघडे आहेत. तिथे पिसं कधी नव्हतीच, झडतील कुठून? याचा तुरा करवतीसारखा उभा, लालभडक, बाजारात मिरवायला. पहिल्याच सकाळी त्याची टोकं काळी पडली. आता तो माझ्या स्वयंपाकघरात चुलीपाशी मालकासारखा बसलाय आणि मी त्याच्या तुऱ्याला व्हॅसलीन चोळते आहे. त्याचा काही दोष नाही. ज्याचा दोष आहे, त्याला मी व्हॅसलीन लावणार नाही.

ड्रायव्हर हसत होता. म्हणाला, "बाई, हा वाटभर भाषण करत आला. तुमच्या कोंबड्या एवढं बोलत नाहीत." परक्या माणसाला कळलं, आणि तुला वाटलं बहिणीला कळणार नाही?

तू बाजारातून कोंबडा आणून मला दिलास, याचा अर्थ एकच. तुझ्याकडे आपला कोंबडा नाही. तीन होते, एकही नाही. कोंबड्या तरी आहेत का? की विकल्यास? की पाहुण्यांना जेवायला घातल्यास? 'कुणी ठेवत नाही, त्याला काही कारण असेल' हे तू लिहिलंस तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आणि आता नीट वाच. कोंबडा मेल्यावरही दोन आठवडे कोंबडीची अंडी भरलेली, पिल्लू धरणारी निघतात. मी पाठवलेल्या टोपलीतल्या प्रत्येक अंड्यात म्हातारा होता. तुझ्याकडे तीन कोंबडे आहेत या भरवशावर मी ती खायला दिली. तू नोव्हेंबरात एका ओळीत खरं लिहिलं असतंस, तर मी ती अंडी पोटाशी बांधून उबवली असती. झोपले नसते, पण उबवली असती. आता चौघी घालायच्या थांबल्यात. बाबांची शेवटची पिल्लं मी माझ्या हातानं तुझ्या तव्यावर पाठवली. तुझ्या खोटेपणामुळे.

कशी होती चवीला?

ताई म्हणू नकोस मला.


१० डिसेंबर

ताई,

म्हणणार. तू सांगितलंस म्हणून नातं बदलत नाही.

तुला खरं हवंय ना? घे.

माझ्या सगळ्या कोंबड्या एप्रिलमध्ये मेल्या. विकल्या नाहीत, खाल्ल्या नाहीत. मी मारल्या. बाहेरच्या खिडक्यांसाठी त्या वेळी नवं लाकूड आलं होतं, कीड आणि बुरशी लागू नये म्हणून औषधात भिजवलेलं. त्याचा भुसा मी नेहमीसारखा खुराड्यात अंथरला. दरवर्षी अंथरतो, बाबाही माझ्याच कारखान्यातला अंथरायचे, मला काय शंका येणार? कोंबड्या त्यात चोची मारत राहिल्या. आधी माना टाकल्या, मग एकामागून एक गेल्या. जनावरांच्या डॉक्टरांनी भुसा हातात घेऊन वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

भुशाची पोती का नाही आली, हे कळलं आता? मी कंजूस झालोय असं तुला वाटलं. साधं लाकूड आणि भिजवलेलं लाकूड एकाच यंत्रावर कापतो आम्ही. त्यातली चिमूट तुझ्या खुराड्यात जाऊ नये म्हणून मी तुझ्या शिव्या खाल्ल्या.

आणि नेमक्या त्या आठवड्यात मी कोंबड्यांकडे का बघितलं नाही, ते विचार. नाही विचारत? मीच सांगतो. हिचं ऑपरेशन होतं. मी दिवसभर इस्पितळाच्या बाकावर. तुला मी पत्र लिहिलं होतं, ये म्हणून. घरात नर्स असलेलं एकच माणूस, तू. तुझं उत्तर अजून माझ्या खणात आहे. 'दोन कोंबड्या रवणीला बसल्यात, त्यांना सोडून येता येत नाही.' मी ते हिला वाचून दाखवलं नाही. हिनं स्वतः वाचलं.

मग तूच सांग, कोणत्या तोंडानं तुला लिहू, की तुझी कोंबडी म्हणजे माझ्या बायकोपेक्षा मोठी, ती मी मारली? लिहायला बसलो की राग यायचा, आणि राग उतरला की लाज वाटायची. दोन्हींत पत्र व्हायचं नाही. तुझं म्हाताऱ्याचं वाचलं तेव्हा घाबरलो. बाजारात जाऊन सापडला त्यातल्या त्यात आपल्यांसारखा करड्या रंगाचा कोंबडा आणला. ते चुकलं. बाकीचं मी मागे घेणार नाही.

आता अंडी. तुझं पत्र हातात घेऊन मी स्वयंपाकघरात धावलो. टोपली जशीच्या तशी खिडकीपाशी, लोकरसुद्धा सोडलेली नव्हती. हिनं एकाही अंड्याला हात लावला नव्हता. का, ते तिलाच लिहू देतो.

*ताई, मी अंडी खाल्ली नाहीत कारण मला तुमचा राग आहे. एप्रिलमध्ये माणूस आलं नाही आणि डिसेंबरमध्ये अंडी आली, ती माझ्या घशाखाली उतरेनात. ह्यांना म्हटलं, परत पाठवा. हे रोज उद्यावर ढकलत होते. राग अजून आहे. पण अंडी शाबूत आहेत, तेवढं कळावं.*

बघितलंस? तिचा राग तुझ्यामाझ्या शहाणपणाहून कामाचा निघाला.

कारखान्यात पातळ फळ्या वाळवायचं एक कपाट आहे, दिव्यावर चालतं. ते रिकामं करून, धुऊन काल अंडी त्यात ठेवलीत. वाटीत पाणी, आत थर्मामीटर. शाळेच्या खिडक्या थांबल्यात. तू दिव्याला नावं ठेवलीस, आता त्या दिव्यावरच सगळं आहे. एक-दोन अंडी वाटेतल्या गारठ्यानं गेली असतील. कदाचित सगळीच गेली असतील. मला माहीत नाही. उलटवायची किती वेळा, एवढं तरी कळव.

तुझाच धाकटा


२ जानेवारी

ताई,

तीन आठवडे झाले, तुझी एक ओळ नाही. ड्रायव्हर म्हणतो रस्ता चालू होता. म्हणतो, तू कॅन घ्यायला फाटकाशी येतेस, कोंबड्यांचं सगळं सांगतेस आणि माझं नाव काढलं की फाटक लावतेस. मग हिनंच शेजारच्या मावशींना विचारून अंडी उलटवली, सकाळ, दुपार, संध्याकाळ. मला कपाटाला हात लावू देत नव्हती. म्हणाली, "तुमच्या हाताला औषधाचा वास आहे."

परवा फुटायला लागली. बाकीची गार राहिली, पाच पिल्लं आहेत. ओली असताना काही कळत नव्हतं. आता वाळलीत, आणि त्यांच्या पायावर...

तुझं पुढचं वाक्य काय असेल ते मला माहीत आहे, म्हणून मी लिहितच नाही. तू म्हणशील, तुझ्या शब्दावर कोण विश्वास ठेवतो.

पाच आहेत. पितात, टोचतात, एकमेकांच्या अंगावर झोपतात. खाली कागद अंथरलाय. भुसा नाही.

धाकटा


५ जानेवारी

धाकट्या,

बरोबर ओळखलंस. पायावर काय आहे ते तू लिहू नकोस. मी बघीन.

तीन आठवडे लिहिलं नाही, कारण जे लिहीत होते ते चुलीत टाकत होते. एक तुला शिव्या देणारं, ते सगळ्यांत लांब. एक वहिनीला, ते एका ओळीचं, आणि तेही धड होईना. कागदावर जमत नाही, तेव्हा समोर बसून बोलते.

शुक्रवारच्या दूधगाडीनं तू वर ये. त्याच गाडीनं परतीला मी खाली जाते. फाटकाशी आपली गाठ पडेल तेव्हा गोड बोलायची गरज नाही. मलाही जमणार नाही. मी तुला खोरं देईन, तू मला तुझ्या कारखान्याची किल्ली दे.

इथे तुला करायचं ते असं. वारा कुठूनही असो, जाळीला लागलेला बर्फ सकाळीच ओढायचा. 'संध्याकाळी ओढू' असं मनात आलं की म्हाताऱ्याला आठवायचं. पाणी कोमट द्यायचं. खुराड्याचं दार लावलं की हातानं ओढून बघायचं, आणि मग परत एकदा. छपराखालच्या फटींकडे बघून तुझे हात शिवशिवतील. बुजवायच्या नाहीत. चिंधी कोंबलेली दिसली तर मी ती तुझ्या तोंडात कोंबीन.

स्वयंपाकघरातल्या पाहुण्याला तूच सांभाळ, तुझी निवड आहे. तुऱ्याची टोकं गळून पडली, पण खातो दोघांचं. पहाटे अंथरुणाशी येऊन ओरडतो. त्याला माझ्या चौघींत सोडलंस, तर परत खाली यायची तसदी घेऊ नकोस.

औषधाच्या भुशाबद्दल मी तुला माफ केलेलं नाही. ती चूक होती, तिला माफी लागत नाही. लपवलंस, ते माफ केलेलं नाही. एप्रिलचं तू मला माफ करू नकोस. तो हिशेब माझा आणि वहिनीचा आहे, आणि तिनं दार उघडायचं की नाही हे तिनं ठरवावं. नाही उघडलं तर मी कारखान्यात कपाटापाशी बसेन. तिला म्हणावं, अंडी न खाल्ल्याबद्दल मी काही बोलणार नाही. असल्या रागापुढे मी काय बोलणार?

आता पिल्लांचं. त्यांत एक तरी कोंबडा निघायला हवा, आणि ते कळायला वेळ आहे. तोवर पाचही तिथेच, उबेत. पंख फुटले आणि थंडी सरली की वाटणी. दोन मी वर आणीन. तीन तुझ्याकडे राहतील.

हे वाचून डोळ्यांत पाणी आणू नकोस. प्रेमानं देत नाही. तुझ्यावर भरवसा आला म्हणूनही देत नाही, तो आलेला नाही. एका छपराखाली सगळ्या ठेवायच्या नाहीत, असं बाबांनी सांगितलं होतं, आणि दुसरं छप्पर माझ्याकडे तुझंच आहे.

शुक्रवारी. जाड मोजे घालून ये.

ताई